उतरवायची कळ

माझे वडील गोदीत क्रेन चालवायचे. एकतीस वर्षं चालवली. पहिली अकरा वाफेची, उरलेली विजेची. पण घरात क्रेनचा विषय निघाला की तो वाफेच्या क्रेनचाच असायचा. विजेच्या क्रेनबद्दल ते पंख्याबद्दल बोलावं तसं बोलत. गोदीतले लोक त्यांना 'कापूस' म्हणायचे, कारण त्यांनी खाली ठेवलेलं ओझं, मग ती यंत्राची पेटी असो नाहीतर लोखंडी तुळयांचा भारा, जमिनीला टेकताना आवाज करत नसे. हे नाव आपल्याला आवडत नाही असं ते सांगायचे, आणि सांगायची एकही संधी सोडायचे नाहीत.

निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने त्यांनी आमच्या जिवाला घोर लावला. दिवसभर खिडकीत बसून समोरच्या बांधकामावरच्या क्रेनवाल्याच्या चुका काढायचे. मग एका सकाळी ते भंगारबाजारातून पितळेचा जाड रूळ घेऊन आले आणि मागच्या खोलीत लेथ मांडायला जागा मागितली. लेथ एका जुन्या सोबत्याचा होता, टेबलावर मावेल एवढा. मागच्या खोलीत तेव्हा माझं कापड असायचं. मी शिंपी; घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे, बायकांचे कपडे शिवतो. कापडाचे तागे माळ्यावर गेले, आणि बाबांनी त्या खोलीत क्रेन बांधायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा जी क्रेन चालवली, तिचीच प्रतिकृती, गुडघ्याएवढी उंच, आणि खऱ्या वाफेवर चालणारी.

चार वर्षं लागली. दुधाच्या डब्याएवढा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, अंगठ्याएवढी दोन सिलिंडरं, एक फ्लायव्हील, दातेरी चाकं, आणि वर जाणारा लोखंडी पट्ट्यांचा हात. त्याच्या टोकाला आकडा. ज्या दिवशी ती पहिल्यांदा चालली त्या दिवशी बाबा, मी आणि माझी बायको असे तिघंही मागच्या खोलीत कोंडाळं करून उभे होतो. सिलिंडरं खुटखुट करत डोलायला लागली, दोरी ताणली गेली, आणि आकड्याला लावलेलं किलोचं वजन जमिनीवरून उचललं गेलं. ते डौलात टोकापर्यंत गेलं. बाबांनी वाफ बंद केली. वजन वरच लटकत राहिलं, आणि बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

कारण त्याला खाली आणता येत नव्हतं.

म्हणजे येत होतं, पण कसं, ते मला बायकोनं नंतर समजावून सांगितलं. त्या इंजिनाला वाफ आत यायला एक नळी होती आणि वापरलेली वाफ बाहेर जायला दुसरी. या दोन नळ्यांची अदलाबदल केली की इंजिन उलटं फिरतं. बाबांनी सोय अशी केली होती की वाफ बंद करायची, मसुरीएवढ्या दोन चाक्या पान्यानं सैल करायच्या, नळ्या बदलायच्या, चाक्या पुन्हा आवळायच्या आणि वाफ सोडायची. हे सगळं तापलेल्या तांब्याला हात लावून. दहा मिनिटं लागायची, दोन बोटं भाजायची, आणि निदान एक चाकी घरंगळत कपाटाखाली जायची.

मोठ्या क्रेनमध्ये इंजिन उलटं फिरवायला दांड्यांचं एक पूर्ण गणगोत असतं म्हणे. बाबांनी ते लहान आकारात करून बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं. वेळ नाही, असं कारण त्यांनी दिलं. निवृत्त माणसानं हे कारण दिल्यावर आम्ही काय समजायचं ते समजलो. दीड-दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. फार नाही. पण बायको त्यांच्या कपात चहा अर्धाच ओतायची, आणि उरलेला थोड्या वेळानं पुन्हा ओतायची. याबद्दल घरात कोणीच बोलत नव्हतं.

गावात हौशी यंत्रवाल्यांची एक संस्था होती. कोणी आगगाडी करायचं, कोणी बोट, कोणी पाणचक्की, आणि वर्षातून एकदा शाळेच्या सभागृहात त्यांचं प्रदर्शन भरायचं. संस्थेचे अध्यक्ष घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. ते एका रविवारी क्रेन बघायला आले. भिंगातून बघून त्यांनी कामाची मनापासून तारीफ केली. मग वजन वर गेलं, बाबांनी पाना उचलला, आणि घड्याळजी हसून म्हणाले, "वर नेलेलं खाली येत नसेल तर याला क्रेन कसं म्हणायचं?"

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. बाबांनीही हसून चहा वगैरे दिला. पण ते गेल्यावर बाबांनी क्रेनवर एक चादर टाकली, आणि पुढचा महिनाभर ती चादर निघाली नाही. ते परत खिडकीत बसायला लागले.

माझी बायको पाणीपुरवठ्याच्या वर्कशॉपमध्ये आहे. शहरभरातले बंद पडलेले पाण्याचे मीटर तिच्या टेबलावर येतात. ते उघडायचे, साफ करायचे, झिजलेला भाग बदलायचा, आणि पाणी सोडून आकडा बरोबर येतो का बघायचं. चौदा वर्षं ती हे करते आहे. माझं शिवणयंत्र अडलं तरी मी तिलाच हाक मारतो. एका रात्री जेवताना तिनं बाबांना विचारलं की नळ्या तशाच ठेवून आतली वाट बदलता आली तर? म्हणजे मध्ये एकच व्हॉल्व्ह बसवायचा, त्याची दांडी एका बाजूला नेली की इंजिन सुलटं, दुसऱ्या बाजूला नेली की उलटं, आणि मधोमध ठेवली की बंद.

बाबा पानातून मान वर न करता म्हणाले, "नळ दुरुस्त करणं वेगळं, सूनबाई. पाणी गरीब असतं. वाफ हे निराळं जनावर आहे."

दुसरी कोणी असती तर नाक मुरडून गप्प बसली असती. हिनं त्याचा अर्थ परवानगी असा घेतला. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या तिनं माझ्याकडे कापड बेतायचा खाकी कागद मागितला आणि दुकानाच्या कटिंग टेबलाचा अर्धा भाग अडवला.

पहिला व्हॉल्व्ह तिनं तिला माहीत असलेल्या वाटेनं केला. पितळेचा ठोकळा, त्यात आरपार भोक, भोकात बेताचा बसणारा गोल दांडा, आणि दांड्याला आडव्या खाचा. दांडा फिरवला की खाचांमधून वाट बदलते. साध्या नळाची चावी असते तसंच. लेथवर हात बसायलाच तिला तीन रविवार लागले. बाबा त्या वेळात मुद्दाम वर्तमानपत्र घेऊन दारात बसायचे. पान उलटायचे नाहीत, पण हत्यार चुकीच्या उंचीवर लावलं की खाकरायचे. खाकरण्याच्या प्रकारावरून काय चुकलं ते तिला कळायला लागलं.

व्हॉल्व्ह तयार झाल्यावर तिनं तो सायकलच्या पंपानं हवा भरून तपासला. मी पंप मारत होतो. दांडी इकडे, इंजिन इकडून फिरलं. दांडी मध्ये, थांबलं. दांडी तिकडे, उलटं फिरलं. आवाज ऐकून बाबा वर्तमानपत्र टाकून आत आले. त्यांनी स्वतः दांडी फिरवून बघितली. मग क्रेनवरून काढलेली चादर घडी करून कपाटात ठेवली.

रविवारी सकाळी दिवा पेटवला. पहिली तीन मिनिटं छान गेली. वजन वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर निघालं, आणि बायको दांडी मध्ये आणायला गेली तर ती हलेना. जागच्या जागी रुतून बसली. वजन टोकापर्यंत गेलं, वरच्या कप्पीवर आपटलं आणि दोरी तुटायच्या बेतात आली, तेवढ्यात बाबांनी खालून दिवा ओढून घेतला. 'मी सांगितलं होतं' असं बाबा म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं, असं ती मला नंतर म्हणाली.

दोन दिवस भाजीत मीठ दोनदा पडलं. तिसऱ्या दिवशी कामावरून आली ती चेहरा उजळूनच. चूक कुठे झाली ते सापडलं होतं. वाफ आधी मधल्या दांड्याला तापवते. दांडा फुगतो, पण बाहेरचा ठोकळा अजून गारच असतो, आणि मग आतला बाहेरच्यात घट्ट अडकतो. पाण्याच्या नळात असं कधी होत नाही, म्हणून तिला सुचलं नव्हतं. "बाबा बरोबर होते," ती म्हणाली, "जनावर निराळं आहे." हे तिनं त्यांना जाऊनही सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि विचारलं की मग आता काय.

आता दुसरी तऱ्हा. एकात एक घुसलेलं काही नकोच; एकावर एक सपाट ठेवलेलं असू दे, म्हणजे फुगलं तरी अडकायला जागा नाही. ते कसं चालणार हे मला काही केल्या कळेना, तेव्हा तिनं माझ्या डब्यातलं चार भोकांचं बटण उचललं. वरच्या भोकातून बॉयलरची वाफ येते असं समज, ती म्हणाली. खालच्या भोकातून वापरलेली वाफ बाहेर जाते. डाव्या आणि उजव्या भोकांतून इंजिनाकडे नळ्या जातात. आता तू बटण शिवताना वरच्या भोकातला दोरा उजवीकडे नेलास आणि खालचा डावीकडे, तर इंजिन एका दिशेनं फिरणार. वरचा डावीकडे नेलास आणि खालचा उजवीकडे, तर उलट दिशेनं. बस, एवढंच. दोऱ्याच्या जागी तिच्या चकतीत दोन वाकडे चर असणार होते. चकती बटणावर टेकवून जराशी फिरवली की चर एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर जातील. मधल्या जागी वरचं भोक झाकलं जाईल आणि सगळं थांबेल.

मी वीस वर्षं बटणं लावतोय. त्या दिवसापासून मी चार भोकांच्या बटणाकडे जरा आदरानं बघतो.

चकती आणि तिच्याखालची बैठक इतकी सपाट हवी होती की दोन्हींच्या मधून वाफेला डोकावताही येऊ नये. यासाठी तिनं फुटक्या आरशाचा तुकडा घेतला, त्यावर घासायची पेस्ट लावली आणि चकती पालथी घालून फिरवायला बसली. अधूनमधून शिक्क्याच्या पॅडची शाई लावून बघायची की कुठे उंचवटा राहिलाय. इथे मात्र बाबांना दारात बसवेना. ते शेजारी स्टूल ओढून बसले. जोर लावू नकोस, म्हणाले, चकतीला स्वतःच्या वजनानं फिरू दे. आठाचा आकडा काढत राहा, आणि मधूनमधून काच फिरव म्हणजे तीही एकसारखी झिजेल. दोन रविवार ते दोघं त्या आरशापाशी होते. मी चहा घेऊन गेलो तर दोघांनीही मला उजेडातून बाजूला व्हायला सांगितलं.

चकती जागेवर दाबून धरायला वरून एक बारीक स्प्रिंग होती, आणि फिरवायला दोन बोटांत धरायची कळ. तिला ती लोण्यासारखी फिरायला हवी होती, आणि फिरतही होती. वाफेवर तपासली तेव्हा रुतली नाही. चकतीखालून थोडीशी वाफ फुसफुसत होती तेवढंच. बायकोनं वजन वर नेलं, खाली आणलं, आणि बाजूला होऊन बाबांना जागा दिली.

बाबांनी कळ धरली. वजन उचललं गेलं, थांबलं, खाली आलं, एकदम वर गेलं, पुन्हा खाली आलं. कोंबडी दाणे टिपते तसं ते जमिनीवर ठकठक करायला लागलं. बाबांनी कळ सोडली, हात खिशात घातला, आणि म्हणाले की वाफ एकदम उघडते आहे, हळूहळू उघडायला हवी. हे खरंच होतं. चर भोकावर आला की सगळी वाफ एका दमात आत जायची. पण मी बायकोकडे बघत होतो, आणि ती व्हॉल्व्हकडे बघत नव्हती. ती बाबांच्या खिशाकडे बघत होती.

त्यानंतरचा आठवडा तिनं क्रेनला हात लावला नाही. नुसतीच कटिंग टेबलापाशी येऊन उभी राहायची. एका संध्याकाळी मी एका पोलक्याचे टक्स घेत होतो. कापड अंगाबरोबर बसावं म्हणून आतून निमुळती दुमड घालून शिवतात, तिला आम्ही टक्स म्हणतो. तिनं विचारलं की ही दुमड टोकाशी एवढी बारीक का करतोस. मी म्हटलं, एकदम थांबवली तर तिथे फुगा येतो. शेवटचे दोन-तीन टाके कापडाच्या अगदी काठावर जायला हवेत, म्हणजे दुमड कुठे संपली ते कापडालाही कळत नाही. ती माझा खडू घेऊन गेली.

तिनं चरांच्या टोकांना शेपट्या काढल्या. भिंगाखाली, सुईसारख्या कानशीनं, चराच्या टोकापासून निमुळती होत जाणारी एक एक खाच. आता चकती फिरली की भोकावर आधी शेपटीचं टोक यायचं, केसाएवढी वाफ आत जायची, मग जरा जास्त, आणि शेवटी पूर्ण चर. उतरवायच्या बाजूची शेपटी तिनं दुप्पट लांब ठेवली. खाली येताना वजन स्वतःच मदत करतं, त्यामुळे इंजिनाला वाफेचा नुसता इशारा पुरतो. तीन चकत्या वाया गेल्या, चौथी जमली.

मग तिनं एक गोष्ट केली जी मला अजिबात कळली नाही. ती नाजूक स्प्रिंग काढून तिनं चांगली जाड, ताठ स्प्रिंग बसवली. आणि दोन बोटांच्या कळीच्या जागी वीतभर लांब पोलादी दांडी लावली, टोकाला लाकडी मूठ. मी फिरवून बघितली तर मनगट लावावं लागत होतं. एवढे दिवस घासून घासून लोण्यासारखी केलीस आणि आता ही काय उखळ-मुसळ केलीस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, वाफ गळत होती.

त्या दुपारी दिवा पेटवला तेव्हा तिनं दांडीला हात लावला नाही. आज चकती लावून माझेच हात दुखतायत, तुम्हीच चालवा, असं बाबांना सांगितलं. बाबांनी लाकडी मूठ पंज्यात धरली. दांडी जड होती. ती हलवायला खांद्यापासून जोर लागत होता, आणि हाताची थरथर मुठीपर्यंत येऊन तिथेच जिरत होती. चकतीपर्यंत पोचतच नव्हती. वजन जमिनीवरून सुटलं ते कळलंसुद्धा नाही. वर गेलं, मध्येच थांबलं, बोटभर खाली आलं, पुन्हा थांबलं. आणि मग ते इतक्या सावकाश जमिनीवर आलं की दोरी सैल पडली तेव्हाच टेकलं हे समजलं.

बाबांनी ते अकरा वेळा केलं. मी मोजलं. बॉयलरमधलं पाणी संपत आलं तेव्हा त्यांनी दिवा विझवला आणि हात पुसत पुसत, सुनेकडे न बघता म्हणाले, "हे माझ्या हातासाठी केलंस."

"गळत होतं, बाबा. म्हणून स्प्रिंग बदलली."

"गळणं याच्या निम्म्या स्प्रिंगनं थांबलं असतं."

बायकोनं आरशाचा तुकडा उचलून फडक्यानं पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. बाबाच पुढे बोलले. माझ्या पहिल्या क्रेनची दांडी अशीच जड होती, म्हणाले. हलकी दांडी वाईट, माणसानं ठरवायच्या आधीच ती निघते. मग त्यांनी चहा मागितला, आणि कप भरून दे म्हणाले. ती एका हातात कप आणि दुसऱ्यात बशी धरून त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला, आमच्या देखत, आणि पूर्ण प्यायले.

प्रदर्शनाला महिना होता. त्या महिन्यात बाबांनी तिच्याकडून व्हॉल्व्हचं रीतसर ड्रॉइंग करून घेतलं. खाकी कागदावरच्या खडूच्या रेघा चालणार नाहीत, ते म्हणाले. पांढरा कागद, टोकदार पेन्सिल, मापं मिलिमीटरमध्ये. तिनं तीनदा काढलं. तिसऱ्या वेळी बाबांनी चष्मा लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासलं, एका भोकाचं माप राहिलंय ते दाखवलं, आणि ते भरल्यावर म्हणाले की आता हे कोणाच्याही हातात दिलं तरी तो करू शकेल.

शाळेच्या सभागृहात सकाळपासून स्पिरिटचा आणि गरम तेलाचा वास भरला होता. बाकं भिंतीला लावून टेबलं मांडली होती. आमच्या शेजारी एक पाणचक्की होती आणि पलीकडे एक आगगाडी गोल गोल फिरत होती. मी दुकानाला सुट्टी दिली होती आणि स्वतः शिवलेला नवा सदरा घातला होता. बायको मात्र वर्कशॉपचा निळा कोट घालून आली. खिशांत पाना, फडकं, कानस सगळं मावतं म्हणून.

अकराच्या सुमाराला घड्याळजी आले, मागे दहा-पंधरा माणसं. बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि खिशातून काड्यापेटी काढली. पेटीचं आतलं खोकं अर्धं बाहेर ओढून त्यांनी ती टेबलावर उभी केली, उघडी बाजू वर करून. गोदीत नव्या ड्रायव्हरची परीक्षा अशी घ्यायचे, त्यांनी सांगितलं. वरून ओझं आणायचं आणि पेटी बंद करायची. पेटी चेपली तर नापास. आकड्याला लावलेल्या किलोच्या वजनाखाली त्यांनी ती नीट सरकवली. हे घरी त्यांनी एकदाही करून बघितलं नव्हतं. बायकोनं माझा दंड धरला. नव्या सदऱ्याला सुरकुत्या पडल्या.

वजन आधी झपाझप खाली आलं. कोणीतरी श्वास आत ओढला. वीतभर उरल्यावर ते मंद झालं, बोटभर उरल्यावर त्याहून मंद. इंजिनाची खुटखुट इतकी सावकाश झाली की प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येत होता. वजन खोक्याला टेकलं. खोकं कणाकणानं आत जायला लागलं, आणि पार आत गेलं तशी बाबांनी दांडी मध्ये आणली. पेटी उभीच होती. दांडी दुसऱ्या बाजूला, आणि वजन तिच्यावरून उचललं गेलं.

घड्याळजींनी वाकून पेटी घेतली, उघडली, आतल्या काड्या बघितल्या, पुन्हा बंद केली. मग भिंग काढून व्हॉल्व्ह बघत राहिले. हा कुठून आणलात, त्यांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "आणला नाही. आमच्या सूनबाईनं केलाय. तिचंच डोकं, तिचाच हात."

घड्याळजींनी शेजारी ठेवलेलं ड्रॉइंग बघून चरांच्या टोकांबद्दल काही विचारलं. त्याचं उत्तर बाबांना झोपेतही देता आलं असतं. महिनाभर जेवताना दुसरा विषय नव्हता. पण ते एक पाऊल मागे सरकले. "ते तिला विचारा," म्हणाले, "मी नुसता ड्रायव्हर."

सगळे तिच्याकडे वळले. तिनं आधी घसा साफ केला, मग निळ्या कोटाच्या खिशातून एक चार भोकांचं बटण काढलं. पहिल्या दोन वाक्यांत अडखळली, आणि त्यानंतर जेवायची वेळ होईपर्यंत थांबली नाही. पाणचक्कीवाला स्वतःची पाणचक्की सोडून ऐकायला आला. पहिला व्हॉल्व्ह कसा रुतला तेही तिनं सांगितलं; त्यावर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की आपले असे सात रुतलेत आणि कारण आज कळलं. बाबा मध्ये एकदा कुठूनतरी खुर्ची घेऊन आले आणि तिच्या मागे ठेवली. ती बसली नाही. मग बाबाच त्या खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हातानं तिच्याकडे जायची खूण करत राहिले. माझं विचाराल तर मी तिथे नुसता उभा होतो. पण अशा ऐटीत उभा होतो की दोघांनी मलाच व्हॉल्व्हची मापं विचारली.

दुपारी घड्याळजींनी आग्रह केला की आता डिझाइन करणाऱ्यांनीही पेटी बंद करून दाखवावी. बायकोनं दांडी धरली, आणि पेटी पार चपटी झाली. दुसरीही गेली. तिसरीच्या वेळी काड्या टेबलभर उडाल्या आणि सगळं सभागृह हसलं, तीही हसली. बाबा खुर्चीवरून उठले नाहीत. पहिल्या वर्षी मी एका व्यापाऱ्याच्या काचसामानाची अख्खी पेटी अशीच ठेवली होती, एवढंच म्हणाले. हे आम्ही जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

संस्थेच्या अंकात ते ड्रॉइंग छापून आलं. बाबांनी अंकाच्या सहा प्रती आणल्या आणि त्यातली एक वाण्याला दिली, ज्याला व्हॉल्व्ह म्हणजे काय हेही माहीत नाही. आता अधूनमधून पत्रं येतात. परवा एका बाईंचं आलं. त्या वाफेची बोट करतात. व्हॉल्व्ह उत्तम चालतो, त्यांनी लिहिलं होतं, पण दोन्हीकडच्या शेपट्या सारख्या लांबीच्या का नाहीत? बोटीला तर वर-खाली काही नसतं. बायकोनं रविवारची सकाळ घालवून तीन पानी उत्तर लिहिलं, आकृत्या काढल्या, बोटीसाठी नवी मापं काढून दिली. पाकिटात घालण्याआधी बाबांनी ते वाचायला घेतलं, आणि दुसऱ्या पानावर एक माप चुकलंय म्हणाले.

तिनं हिशेब पुन्हा केला. चुकलं नव्हतं. तिनं तसं सांगितलं, बाबांनी आणखी एकदा बघितलं, चष्मा काढला, आणि पाकिटाला डिंक लावायला घेतला.